बचावफळीतला बिऱ्हाडकरू

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. गोल करणाऱ्याचे नाव मथळ्यात असते. गोल अडवणाऱ्या गोलरक्षकाचे नाव दुसऱ्या परिच्छेदात येते. बचावपटूचे नाव मात्र बहुधा त्याच्या हातून चूक झाली तरच छापले जाते. नव्वद मिनिटे त्याने आपले काम चोख केले, तर मैदानाच्या त्या भागात काही घडतच नाही. आणि जे घडले नाही त्याची बातमी कोण देणार? आपल्या घरीही तेच. भाजीत मीठ बरोबर पडले तर पानावर बसलेला कुणी चकार शब्द काढत नाही. जास्त पडले की मग सगळे बोलतात.

आज अशाच एका खेळाडूविषयी लिहायचे आहे. राहुल भेके. ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेला हा मराठी मुलगा भारतीय संघातून खेळला, आणि तरीही क्रिकेटच्या राखीव खेळाडूंची नावे घडाघडा म्हणणाऱ्या घरांत त्याचे नाव सांगितले तर "कोण?" असा प्रश्न येतो. दोष घरांचा नाही. फुटबॉलमधल्या सुनील छेत्रीचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्यापुढे आपले कुतूहल जात नाही, एवढेच.

गोंदियात बसून मुंबईच्या फुटबॉलपटूची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. त्याचे घरगुती कारण पुढे येईलच. दुसरे कारण नकाशावरचे आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया जवळपास अर्ध्यावर पडते. मुंबई इकडे साडेनऊशे किलोमीटरच्या थोडी पुढे, हावडा तिकडे हजाराच्या आसपास. कूपरेजचे मैदान एका टोकाला आणि कोलकात्याचे मैदान दुसऱ्या टोकाला. आगगाडीच्या जमान्यात या दोन शहरांमध्ये भाकरीसाठी ये-जा करणारे कितीतरी फुटबॉलपटू हावडा मेल नाहीतर गीतांजलीच्या डब्यात झोपेतच आमचे स्टेशन ओलांडून गेले असतील. हल्लीचे विमानाने जातात. रस्ता मात्र तोच आहे, आणि भेकेही त्याच रस्त्याने गेला.

त्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. सुरुवातीची वर्षे मुंबई एफसी या संघात. २०१४ मध्ये कोलकात्याचा ईस्ट बंगाल. त्या काळात आपल्या देशात फुटबॉलचे दोन मोसम होते. ऑक्टोबर ते डिसेंबर झगमगाटाची इंडियन सुपर लीग, आणि ती आटोपली की जानेवारीपासून जुनी आय-लीग. पहिल्या लीगचे मालक दुसऱ्या लीगच्या संघांकडून खेळाडू उसनवारीने घेत. त्यामुळे २०१५ मध्ये भेके तीन महिने केरळ ब्लास्टर्सचा झाला आणि पुन्हा कोलकात्याला परतला; २०१६ मध्ये तसाच एफसी पुणे सिटीचा झाला आणि परतला. २०१७ मध्ये बंगळुरू एफसी. २०२१ मध्ये मुंबई सिटी. २०२४ मध्ये पुन्हा बंगळुरू.

आमच्या झाडीपट्टीतल्या वाचकांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. दिवाळी झाली, धान निघाले, गावोगावच्या मंडया भरू लागल्या, की वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर नाटक, पहाटे गाडीत झोप. नायक-नायिकेची नावे फलकावर मोठ्या अक्षरांत असतात. पण नायकाचा थोरला भाऊ, गावचा पाटील, नाहीतर शेवटच्या अंकात खरे काय ते सांगणारा म्हातारा नोकर करणारा जो नट असतो, तो या वर्षी एका कंपनीत दिसतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या. त्याच्यावाचून नाटक उभे राहत नाही, आणि त्याच्यासाठी तिकीटही कुणी काढत नाही. फुटबॉलच्या धंद्यातही या जातीची माणसे असतात आणि खरे तर तीच संख्येने जास्त असतात. पोटासाठी दर दोन-तीन वर्षांनी नवा उंबरठा शोधणारे हे बिऱ्हाडकरू.

नटाची आणि बचावपटूची तुलना मात्र एका ठिकाणी तुटते, आणि मला वाटते तिथेच या विषयाचे मर्म आहे.

आघाडीचा खेळाडू आपली कला सोबत घेऊन हिंडू शकतो. गोल कुठेही सारखाच. त्याची रुंदी कोलकात्यात आठ यार्ड आणि कोचीतही आठच यार्ड. ज्याच्या पायात नेम आहे तो कोणत्याही गावात उतरून दुसऱ्या दिवशी गोल करू शकेल. बचावपटूचे तसे नाही. त्याची अर्धी कला त्याच्या शेजाऱ्यांत असते. चौघे बचावपटू एका ओळीत उभे असतात. प्रतिस्पर्धी चेंडू पुढे टाकणार, त्या क्षणी चौघांनी एकदम एक पाऊल पुढे यायचे, म्हणजे समोरचा खेळाडू ऑफसाइड सापडतो. तिघे आले आणि चौथा अर्धे पाऊल मागे राहिला, की सगळा डाव फसतो. डावीकडचा वर चढला तर मधल्याने किती सरकायचे, गोलरक्षक चेंडूवर येणार की आपण जायचे, हे ओरडून सांगायला वेळ नसतो. ते अंगात मुरावे लागते, आणि मुरायला महिने लागतात. एकत्र कुटुंबातल्या जावांना एकमेकींच्या हालचाली न बघता कळतात ना, तसे.

आता अशा माणसाला दर तीन महिन्यांनी नवे शेजारी द्या. कोलकात्यात बंगाली, कोचीत मल्याळी. कधी प्रशिक्षक इंग्रज, कधी स्पॅनिश. नव्या गोलरक्षकाची हाक ओळखीची होईपर्यंत करार संपतो. फिरस्तीने आघाडीच्या खेळाडूचे जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट बचावपटूचे होते. आणि गंमत अशी की फिरावे जास्त त्यालाच लागते, कारण त्याच्या नावावर तिकिटे खपत नाहीत. त्याला अडवून धरण्याची मालकाला गरज वाटत नाही.

भेकेच्या कारकिर्दीकडे या नजरेने पाहिले की तारखा बोलू लागतात. विशीतली निम्मी वर्षे गाठोडे बांधण्यात आणि सोडण्यात गेली. २०१७ मध्ये बंगळुरूला गेल्यावर मात्र तो चार मोसम एका जागी टिकला, आणि लगोलग सगळे घडू लागले. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला. समोर त्याचाच जुना संघ ईस्ट बंगाल. बंगळुरू एका गोलने मागे असताना बरोबरीचा गोल भेकेने केला, आणि पुढे बंगळुरू ४-१ असे जिंकले.

मग १७ मार्च २०१९. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, बंगळुरू विरुद्ध एफसी गोवा, आणि मैदान मुंबईतले, अंधेरीचे. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता गोव्याच्या अहमद जाहूला पंचांनी बाहेर काढले, गोवा दहा जणांवर आले, तरी गोल नाही. सगळ्यांची मने पेनल्टी किकच्या जुगाराकडे वळलेली. अशा वेळी ११७व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला. डिमास डेलगाडोने चेंडू उचलला आणि मागून पुढे आलेल्या भेकेने डोक्याने तो जाळ्यात घातला. १-० आणि बंगळुरूचे पहिले विजेतेपद. ज्या शहराने त्याला घडवले आणि ज्या शहरात त्याला टिकता आले नाही, त्याच शहरात, पाहुण्या संघाच्या अंगरख्यात.

त्या गोलाची चित्रफीत मी कितीदा तरी पाहिली आहे. डोक्याने मारलेला तो फटका सुंदर आहेच. पण मला नवल वाटते ते त्याच्या आधीच्या धावेचे. ११६ मिनिटे मागे राहून दुसऱ्यांची वाट अडवल्यानंतर त्या माणसाच्या पायांत पुढे येण्याइतकी ताकद शिल्लक होती. बचावपटूला पुढे येण्याची मुभा फक्त कॉर्नरच्या वेळी मिळते. नोकरदार माणसाने रविवारचा उपयोग करून घ्यावा तसा भेकेने या मुभेचा उपयोग आयुष्यभर करून घेतला आहे.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला. वय २८. या वयात कित्येकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला असतो. दोन वर्षे स्थिर बिऱ्हाड मिळाले आणि भारताला एक बचावपटू मिळाला, इतका सरळ हिशेब मी मांडला तर जाणकार मला भाबडा म्हणतील. म्हणोत.

पुढचे वेगाने सांगतो. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या हवाई दलाच्या संघाला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय, आणि विजयी गोल भेकेचा, पुन्हा डोक्यानेच. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे नमवून करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. करंडक उंचावून दोन-तीन महिने होतात न होतात तोच तो बंगळुरूच्या वाटेला लागलेला होता. कर्णधारही बिऱ्हाडकरूच! भारतासाठी पहिला गोल त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध केला. ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि याचे डोके. चौतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

आता ज्या घरांतून हा गेला त्या घरांकडे पाहू. मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला आणि २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरल्यावर बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली आणि २०२५ मध्ये तो संघ हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते खेळाडूंच्या बाबतीत आपण समजू शकतो. इथे अख्खे संघच बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले.

मुंबईचा १९६२ पासूनचा महिंद्र युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, तोही २०१० मध्ये बंद झाला होता. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये राष्ट्रीय लीगबाहेर पडला. मुंबई एफसीमध्ये भेकेचे प्रशिक्षक होते खालिद जमील. स्वतः खेळाडू म्हणून ते महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तीन संघांकडून खेळले, आणि तिन्ही संघ राष्ट्रीय लीगच्या नकाशावरून पुसले गेले. हेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या पहिल्याच स्पर्धेच्या संघात भेके होता. जुन्या चाळीतल्या दोन भाडेकरूंनी चाळ पाडल्यावर कुठेतरी परगावी भेटावे, असे काहीसे.

त्या जुन्या चाळीविषयी दोन शब्द. रेल्वे, बँका, गिरण्या, टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे संघ म्हणजे मुळात नोकऱ्या होत्या. पोरगा चांगला बचावपटू असला की त्याला कारकून म्हणून चिकटवून घेत. सकाळी सराव, दुपारी सही, संध्याकाळी सामना. त्या पद्धतीची थट्टाही पुष्कळ झाली. हजेरीपटावरचे खेळाडू म्हणून. आणि थट्टेत तथ्यही होते, कारण सुरक्षित नोकरीत खेळ गंजायचा. पण गुडघा गेला तरी चूल विझत नव्हती. पस्तिसाव्या वर्षी त्या माणसाला मैदानातून उठून टेबलाशी जाऊन बसता येत होते. व्यावसायिक फुटबॉलने आपल्याला चांगली मैदाने, चांगले प्रशिक्षक आणि पूर्वी कुणी स्वप्नातही न पाहिलेला पैसा दिला. टेबल मात्र काढून घेतले.

युरोपातही हा प्रश्न सुटलेला नाही, पण निदान विचारला गेला. जाँ-मार्क बोसमन नावाचा बेल्जियमचा एक सामान्य फुटबॉलपटू होता. करार संपल्यावरही जुना क्लब पैशांसाठी अडवून धरतो, म्हणून तो न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू मोकळा. त्या निकालावर पुढचे कितीतरी तारे कोट्यधीश झाले. बोसमनच्या स्वतःच्या वाट्याला हलाखीच आली. पायऱ्या बांधणारा गवंडी क्वचितच माडीवर राहायला जातो.

तर आता ते घरगुती कारण.

माझा भाचा अकरावीत आहे. उंच, सडसडीत, आणि जात्याच अबोल; म्हणजे बचावफळीतच जायचा. शाळेच्या संघातून सुब्रतो करंडकाच्या जिल्हा फेरीपर्यंत खेळलेला. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत, धसकटे टोचत असताना अनवाणी खेळून पक्का झालेला. गेल्या हिवाळ्यात त्याला बाहेरच्या एका खासगी अकादमीचे बोलावणे आले. राहणे, खाणे, प्रशिक्षण. वर्षाची फी त्याच्या वडिलांच्या राइस मिलमधल्या पगारात बसणारी नाही. बहीण माझ्याकडे आली. "भाऊ, पोट्टा ऐकून नाही राहिला. तुम्हीच सांगा त्याले. ह्या खेळात पोट भरते का?"

सोपे उत्तर दोन्ही बाजूंनी होते. "जाऊ दे, उद्याचा छेत्री होईल" असे म्हणता आले असते. किंवा "गपगुमान बारावी कर" असे. मी भाच्याला बसवून भेकेची कारकीर्द सांगितली. छेत्रीची मुद्दाम नाही सांगितली. देशातला एकमेव माणूस काय झाला, हे ऐकून सतरा वर्षांच्या मुलाला काय कळणार? त्याने पाहायला हवे ते चांगल्या पण चारचौघांतल्या खेळाडूचे आयुष्य. तो खेळला, त्याने पैसा मिळवला, देशाचा अंगरखा घातला, हे सगळे खरे. त्यासाठी सात बिऱ्हाडे केली, त्याच्यामागे दोन संघ मिटले आणि भारतीय संघाचे दार २८व्या वर्षी उघडले, हेही खरे. आणि हा यशस्वी झालेल्याचा हिशेब झाला. त्याच्याबरोबर त्याच मैदानांवर सुरुवात करून अर्ध्या वाटेत उतरलेल्यांची यादी कुणी ठेवलेली नाही.

भाच्याने एकच प्रश्न विचारला. "मामा, तो उजव्या बाजूनं खेळते का मधात?" मी म्हणालो, दोन्हीकडे. तो मान हलवून उठला. त्याला हवे ते मिळाले होते, आणि मला वाटते त्याने माझ्या तासाभराच्या बोलण्यातले सर्वांत उपयोगाचे तेवढेच उचलले. भेके टिकला यामागे ते एक कारण आहेच. उजव्या बगलेवर लागला तर उजवीकडे, मध्ये लागला तर मध्ये. ज्याला घर नाही त्याने घरातले प्रत्येक काम शिकून ठेवावे.

बहिणीला मी वेगळे सांगितले. अकादमीत घालायचेच तर फी विचारण्याआधी हे विचारा: पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, बारावीची परीक्षा देऊ देणार का, आणि मागच्या पाच वर्षांतली मुले आज कुठे आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते, आणि नागपूरला मोतीबागेत रेल्वेचा फुटबॉल आहे. या वाटा अकादमीच्या रंगीत पत्रकात नसतात, म्हणून त्या बंद आहेत असे नव्हे. प्रमाणपत्रे मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी लागतात. आमच्याकडे पोरांची प्रमाणपत्रे ट्रंकेत उंदीर खातात.

पण हे सगळे झाले घराने करायचे. क्लबांनी काय करायचे, हे कुणी तरी त्यांना विचारायला हवे. बचावपटू घडायला एका जागी तीन-चार वर्षे लागतात, तर तरुण बचावपटूला पहिला करारच तेवढ्या मुदतीचा का असू नये? संघ बंद करताना उरलेल्या करारांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवण्याची अट परवान्यातच का नसावी? बांधकामाच्या ठेकेदाराकडून आपण अनामत घेतो. फुटबॉल संघाच्या मालकाकडून घ्यायला काय हरकत आहे? भारत गोल खातो म्हणून आपण हळहळतो. २०२४ च्या जानेवारीत कतारमधल्या आशिया कपात भारताने तीन सामन्यांत सहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. भेके त्या संघात होता. तेव्हा टीका बचावफळीवर भरपूर झाली; ती घडवायला आपण काय खर्च केला, यावर फारसे कुणी बोलले नाही.

बहीण त्या दिवशी जे ऐकून गेली त्यात माझ्या बोलण्यापेक्षा २०२५ च्या उन्हाळ्यानंतरच्या बातम्यांचा वाटा मोठा होता. लीगच्या हक्कांचा करार संपत आलेला, नवा ठरत नाही, म्हणून जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा मोसमच स्थगित झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरू एफसीने मुख्य संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. भेके त्याच संघात होता. भारताकडून खेळलेला, करंडक उचललेला, ३४ वर्षांचा माणूस. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून सामने सुरू होतील असे सांगितले, तोवर अर्धे वर्ष निघून गेले होते. आघाडीच्या क्लबची ही तऱ्हा, तर खालच्या पायरीवरच्या पोरांनी काय खायचे?

पगार थांबल्याची बातमी आली त्याच महिन्यात मध्य आशियातल्या सीएएफए नेशन्स कपासाठी भारताचा संघ निघाला आणि भेके त्यात गेला. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी किकवर गेला. बचावपटू सहसा तिथे पुढे येत नाहीत. भेके आला, चेंडू ठेवला, मारला, आत घातला. भारत जिंकला. भाच्याने तो क्षण मला मोबाइलवर दाखवला होता, आणि दाखवताना म्हणाला, "पाहा मामा, किती सावकाश चालत गेला."

अकादमीचे अजून ठरलेले नाही. बहिणीने ते तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे आली, तिसऱ्याचे यायचे आहे.